पुढचा शाफ्ट काढलेली जीप

परवा भाच्याचा फोन आला. त्यानं जुनी जीप घेतलीय, फोर बाय फोर. म्हणाला, "मामा, साठच्या वर पळवली की खालून धडधड येते. मिस्त्री म्हणतोय पुढचा शाफ्ट काढून टाकू, आवाज जाईल आणि एव्हरेजही वाढेल. काढू का?"

मी म्हणलं, काढायला हरकत नाही, पण आधी नानांचा गुडघा बघून ये.

गुडघ्याची गोष्ट पुढे सांगतो. त्याआधी हा शाफ्ट गाडीखाली आला कुठून ते सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

१९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्यानं मोटार कंपन्यांकडून हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. अट होती चारही चाकं ओढणारी पाहिजेत. बँटम नावाच्या लहानशा कंपनीनं त्याच वर्षी २३ सप्टेंबरला पहिली गाडी सैन्याच्या ताब्यात दिली. पुढे विलीज आणि फोर्डनं ती सुधारून युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या. तीच जीप.

तिची रचना साधी. गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी पेटी, ट्रान्सफर केस. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला जातो, एक पुढच्याला. ड्रायव्हरच्या हाताशी दोन लहान दांड्या. एक दांडी पुढची ओढ जोडते-सोडते, दुसरी हाय-लो करते. मधे तिसरं डिफरन्शियल नाही, म्हणजे पुढची ओढ जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरणार.

चिखलात हे चालतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या फेऱ्यानं जातात, त्यांना जास्त फिरावं लागतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर खरवडतात, आणि दांडी काढायला गेलं तर निघत नाही. थोडी रिव्हर्स घेतली की खट्कन सुटते. ज्यांनी जुनी जीप चालवलीय त्यांना हे सांगायला नको.

म्हणून रस्त्यावर दांडी सोडून चालवायची. पण दांडी सोडली तरी पुढचा शाफ्ट थांबत नाही. इंजिन त्याला फिरवत नाही, पण रस्त्यावरून पळणारी पुढची चाकं त्याला उलट्या बाजूनं फिरवतात. चाकं, हाफ शाफ्ट, क्राऊन, पिनियन, आणि मग हा शाफ्ट, सगळं फुकटचं फिरत राहतं. क्रॉस झिजलेला असला की वेगात धडधड होते. भाच्याची धडधड ही.

युद्ध संपल्यावर या गाड्या अमेरिकेत शेतकऱ्यांच्या हातात आल्या. १९४५ पासून विलीजनं शेतीसाठी म्हणून नागरी जीपच काढली, मागे औजार ओढायची सोय, पीटीओ सुद्धा. आणि लगेच हीच कुरकुर सुरू झाली, की रोज बाजारात जायला पुढचं लोढणं कशाला फिरवायचं? १९४८ मध्ये आर्थर वॉर्न नावाच्या माणसानं सिएटलकडं यावर तोड काढली. पुढच्या चाकाच्या मधोमध हब बसवायचा. तो हातानं फिरवला की चाक एक्सलपासून सुटतं आणि आतलं सगळं उभं राहतं. चिखल आला की उतरायचं, हब परत जोडायचा. बऱ्याच जुन्या फोर बाय फोरला दिसतो तो हब हाच.

त्याच वर्षी तिकडं इंग्लंडमध्ये लँड रोव्हर आली. रोव्हर कंपनीचा मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर लढाईतली जुनी जीप वापरायचा, तिच्यावरून कल्पना सुचली. पहिल्या लँड रोव्हरला सायकलसारखं फ्रीव्हील होतं, पुढची ओढ कायम पण वळताना पुढची चाकं मोकळी पळू शकायची. दोन-तीन वर्षांत ते गेलं आणि दांडीची पद्धत आली. शेतकऱ्याला दांडी कळते, हे कंपनीलाही कळलं असावं.

आणखी एक गंमत. १९५५ मध्ये खुद्द विलीजनंच पुढची ओढ नसलेली जीप विकायला काढली, टपाल-सामान वाटपाच्या कामासाठी. म्हणजे आपले मिस्त्री पाना घेऊन जे करत होते ते कंपनीनं कारखान्यातच करून दिलं.

आपल्याकडं महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी आली. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, आपल्याकडं तिचीच भावंडं कितीतरी वर्षं निघत राहिली. तेल महागलं तसं लोकांनी पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली. वडापाच्या धंद्यात तर फोर बाय फोर म्हणजे ओझंच. कितीतरी गाड्यांचे पुढचे शाफ्ट गॅरेजच्या कोपऱ्यात गेले ते गेलेच. पुढे कमांडर, मार्शल तर दोन चाकी ओढीच्याच सर्रास दिसायला लागल्या.

आमच्या आबांनी लिलावातली जीप आणली तेव्हा मी दहावीत होतो. तिचाही शाफ्ट असाच निघाला. यू-बोल्ट सोडले, शाफ्ट खाली आला, गोठ्याच्या आढ्याला तारेनं बांधून ठेवला. त्यावर कोंबड्या बसायच्या. आवाज गेला हे खरं. एव्हरेज वाढल्याचं आबा पारावर सांगायचे, पण मला आज तरी त्यात फार दम वाटत नाही. हब नसलेल्या गाडीत शाफ्ट काढला तरी चाकं, हाफ शाफ्ट, क्राऊन-पिनियन फिरतच असतात. वाचतं ते फक्त एका नळीचं फिरणं. खरी बचत हबनं होते.

आता मुद्द्याचं. जीपमध्ये एक अडसर असतो. पुढची ओढ जोडल्याशिवाय लो पडत नाही, ट्रान्सफर केसच्या आतच तशी अटकाव केलेली. लँड रोव्हरमध्येही लो टाकला की पुढची ओढ आपोआप जोडली जायची. हे का केलं असेल? हिशोब बघा. सीजे-थ्री-बी मध्ये पहिला गिअर साधारण २.८, डिफरन्शियल ५.३८. गुणाकार केला की इंजिनाची पिळ पंधरा पटीनं चाकाला मिळते. लो टाकला की त्यात आणखी २.४६ चा गुणाकार, म्हणजे सदतीस पट. ही सदतीस पट दोन एक्सलांनी वाटून घ्यायची, असं धरून गाडी बनवलेली. शाफ्ट काढला तर दांडीला काय माहीत? ती पुढची ओढ जोडल्यासारखी बसते, लो पडतो, आणि सगळी पिळ एकट्या मागच्या एक्सलवर येते. कितीतरी मिस्त्री हेच कौतुकानं सांगतात, "बघा, आता टू व्हीलमध्ये लो मिळतो."

आमच्याकडं ऐन ऊसतोडीत अवकाळी झाला. ओढ्यावरून पाणंद वर चढते तिथं उसाची ट्रॉली रुतली. निम्मा ऊस खाली केला, ट्रॅक्टर दुसऱ्या फडात अडकलेला, म्हणून आबांनी जीप लावली साखळीनं. लो, पहिला गिअर. मागची चाकं गरागरा फिरली, चिखल उडाला, गाडी जागची हलेना. चाकं फिरत होती तोवर काही मोडणार नव्हतं, कारण घसरणारं चाक एक्सलवर फार जोर येऊ देत नाही. मग आम्ही पोरांनी चाकाखाली पाचट आणि दगड घातले. चाकानं पकड घेतली, आणि त्याच क्षणी खालून बंदुकीसारखा आवाज आला. डावा हाफ शाफ्ट तुटला.

आबांनी हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली आणि बघायला खाली उतरले. नाना, म्हणजे चुलते, साखळी सोडायला जीप आणि ट्रॉलीच्या मधे वाकलेले. जीप मागे सुटली.

हँडब्रेक बिघडलेला नव्हता. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एक ड्रम असतो, तो मागच्या शाफ्टला धरतो, आणि शाफ्टातून चाकांना. हाफ शाफ्ट तुटला की डिफरन्शियलमध्ये पिनियन धरून ठेवला तरी चांगल्या बाजूचं चाक फिरतं आणि तुटलेला तुकडा आतल्या आत उलटा फिरतो. ब्रेक घट्ट, गाडी मोकळी. गिअरचंही तेच. पुढचा शाफ्ट जागेवर असता आणि दांडी जोडलेली असती, तर तोच ड्रम पुढच्या चाकांनाही धरून राहिला असता. पायाचा ब्रेक चारही चाकांचा होता, पण पाय तर खाली उतरले होते.

नाना कडेला उडी मारायला गेले, पण उजवा गुडघा बंपर आणि ट्रॉलीच्या दांड्यात सापडला. वाचले. थंडीत अजून लंगडतात. आणि जो शाफ्ट असता तर गाडी स्वतःच्या पुढच्या चाकांवर घरी आली असती, तो अर्ध्या कोसावर गोठ्यात कोंबड्यांखाली होता. जीप बैलांनी ओढून आणली.

आता भाच्याला काय सांगितलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

जुनी दांडीवाली गाडी असेल, जीप किंवा जिप्सी, तर पुढचा शाफ्ट काढून रस्त्यावर चालवता येते, काही बिघडत नाही. पण लो टाकायचा नाही, आणि जोराच्या ओढीला तर मुळीच नाही. पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल बघायचं सोडायचं नाही, पुढचं काम बंद आहे असं वाटतं पण आत सगळं फिरतंय. मधे तिसरं डिफरन्शियल असलेल्या गाड्या, १९७० च्या रेंज रोव्हरपासून पुढच्या, यांची गोष्ट उलटी. शाफ्ट काढला की सगळी ताकद त्या रिकाम्या तोंडातून फिरून जाते आणि गाडी जागेवरच गुरगुरते, मधलं डिफरन्शियल लॉक केलं तरच हलते. हल्लीच्या बटणावाल्यांना तर हात लावण्याआधी कंपनीचं पुस्तक वाचा.

ट्रॅक्टरवाल्यांनीही ऐका. डांबरावर पुढचे टायर झिजतात म्हणून फोर व्हील सोडणं ठीक, पुढची चाकं मुद्दामच किंचित पुढे पळणारी असतात, टायर खाणारच. पण बऱ्याच ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर भरलेली ट्रॉली मागे असताना फोर व्हील जोडलेलं असलं तर पुढची चाकंही शाफ्टातून ब्रेकला लागतात. शाफ्टच काढून ठेवला तर ती सोय गेली.

भाच्याचा शाफ्ट आम्ही रविवारी खाली घेतला. यू-बोल्ट सुटल्याबरोबर क्रॉसच्या वाट्यांना चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर वाट्या पडतात आणि आतल्या सुया मातीत शोधत बसावं लागतं. दोन्ही क्रॉस गेलेले होते. एक तर हातानं हलत होता. नवीन घातले, ग्रीस भरलं. मधला सरकता जोड परत घालताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आणायचे, बहुतेक शाफ्टवर त्यासाठी बाणाच्या खुणा असतात. चुकवलं तर नव्या क्रॉसवर पण धडधड येते. खूण गंजाखाली होती, वायर ब्रशनं घासल्यावर दिसली. धडधड गेली. नाना बांधावर खुर्ची टाकून बसले होते, शाफ्ट परत वर चढला तेव्हा एवढंच म्हणाले, "हँडब्रेक ओढलाय ना? मग चाकाखाली दगड पण लावा."