रिओबांबाहून निघालेली इसाबेल

दक्षिण अमेरिकेचं नाव काढलं की आपल्या बायकांचा पहिला प्रश्न असतो, ‘तिथे खायचं काय?’ आणि दुसरा, ‘एवढ्या लांब कशाला?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भात, घेवड्याच्या बिया, मका आणि तऱ्हेतऱ्हेची केळी तिथे सगळीकडे मिळतात. बटाटा मूळचा तिथल्याच डोंगरांतला. आपण ज्याचा साबुदाणा करतो तो कंदही त्याच खंडातला. त्यामुळे कंदमुळं न खाणारीनं ताटात काय वाढून घेतोय ते तेवढं विचारून घ्यावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी एका बाईची गोष्ट सांगावी लागते.

अँडीज पर्वत आणि अ‍ॅमेझॉनचं रान एकाच सहलीत बघायचं, तर लोक बहुधा पेरूत जातात. पण नकाशावर जरा वर पाहा. इक्वेडोर नावाचा एक लहानसा देश आहे. त्याच्या नावाचा अर्थच मुळी विषुववृत्त. राजधानी क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे 2850 मीटर उंचावर. तिथून दक्षिणेला रिओबांबा, मग पूर्वेला उतारावर बान्योस, त्याच्या खाली पुयो आणि तिथून पुढे नद्याच नद्या. बर्फाच्या शिखरापासून दमट रानापर्यंतचा हा उतार आज मोटारीनं एका दिवसात उतरता येतो. 1769 मध्ये याच वाटेनं एक बाई नवऱ्याला भेटायला निघाली होती. तिचं नाव इसाबेल गोदँ, माहेरची ग्रामेसोन.

ती गोष्ट सुरू होते ती पृथ्वीच्या आकारावरून. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी की विषुववृत्ताकडे, यावर युरोपातल्या विद्वानांत तेव्हा मोठा वाद चालू होता. तो मिटवायला फ्रान्सच्या राजानं 1735 मध्ये एक तुकडी क्विटोच्या मुलखात धाडली. विषुववृत्तापाशी एका अंशाचं अंतर प्रत्यक्ष मोजायचं, हे तिचं काम. ला कोंदामिन, बूगेर अशी मोठी माणसं तिच्यात होती आणि मोजणीच्या साखळ्या सांभाळणारा एक तरुण मदतनीसही होता, ज्याँ गोदँ. डोंगरांवर वर्षानुवर्षं मोजणी चालली आणि पृथ्वी ध्रुवांकडेच चपटी आहे हे ठरलं. म्हणूनच रिओबांबाजवळचं चिम्बोरासो हे शिखर, एव्हरेस्टपेक्षा बुटकं असूनही, पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर सर्वांत दूर भरतं. आपल्याकडेही पुढे अशीच मोजणी झाली. 1802 मध्ये मद्रासहून ती सुरू करणारा लॅम्बटन उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या विदर्भात आला आणि 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. साखळ्या ओढत डोंगर-रानं तुडवणाऱ्यांची ती एक जातच होती म्हणायची.

इसाबेलचा जन्म 1728 चा. घर खातंपितं, वडील सरकारी अधिकारी. 1741 च्या अखेरीस तिचं ज्याँशी लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आपल्या पणज्यांच्या वेळचीच ही रीत, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटणार नाही. पुढे ज्याँच्या वडिलांच्या निधनाची बातमी फ्रान्सहून आली आणि त्यानं मायदेशी परतायचं ठरवलं. इसाबेलला तेव्हा दिवस गेलेले. म्हणून आधी आपण एकट्यानं अ‍ॅमेझॉन उतरून फ्रेंचांच्या कायेन बंदरापर्यंत जावं, वाट कशी आहे ती पाहावी आणि मग परत येऊन बायकोला न्यावं, असा त्याचा बेत. 1749 मध्ये तो निघाला आणि पुढच्या वर्षी कायेनला सुखरूप पोचला. बेताचा पहिला भाग पार पडला. दुसरा कधी पडलाच नाही.

नदीचा वरचा भाग स्पेनचा, खालचा पोर्तुगालचा. परवान्याशिवाय परक्याला वर जाऊ देणार कोण? ज्याँ अर्ज करत राहिला, पत्रं धाडत राहिला. वर्षं सरली. इकडे इसाबेलला मुलगी झाली, ती मोठी झाली आणि अठरा-एकोणीस वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली. बापाचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही.

अखेर 1765 मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या हुकमानं वल्ह्यांचं एक मोठं गलबत कायेनकडे आलं. इसाबेलला आणण्यासाठी ते सरहद्दीवरच्या लोरेतोपर्यंत जाणार होतं. ज्याँ स्वतः त्यातून गेला नाही. मनात भीती होती आणि आजारपणाचं कारण होतं. ज्याच्या हाती पत्रं दिली त्यानं ती पोचवली नाहीत. रिओबांबात पोचली ती नुसती वदंता, की खाली कुठेतरी तुझ्यासाठी गलबत उभं आहे म्हणे.

इथे ही बाई मला आवडते. वदंतेवर तिनं विश्वास ठेवला नाही आणि ती झटकूनही टाकली नाही. घरातल्या होआकीन नावाच्या काळ्या गुलामाला तिनं खातरजमा करायला धाडलं. पहिल्या खेपेला तो अर्ध्यातून परतला. तिनं पुन्हा पाठवला. जाऊन येऊन जवळपास दोन वर्षं गेली, पण तो गलबत डोळ्यांनी पाहून आला. मग तिनं घर आवरलं, चीजवस्तू विकली. तिचे वडील महिनाभर आधी पुढे गेले, ठिकठिकाणी होड्या आणि माणसं तयार ठेवत. टप्प्या-टप्प्याचा बेत म्हणतात तो असा. रिओबांबाहून बान्योस, पास्तासा नदीच्या घळीतून कानेलोस, तिथून होडीनं बोबोनासा नदी उतरून आंदोआस, मग लागुनास, मग लोरेतो, मग समुद्र. एकूण वाट सुमारे पाच हजार किलोमीटरची.

1 ऑक्टोबर 1769 ला ती निघाली. बरोबर दोन भाऊ, एका भावाचा लहान मुलगा, होआकीन, घरातल्या तीन कामवाल्या आणि आयत्या वेळी गाठ पडलेले तीन फ्रेंच प्रवासी. त्यांतला एक स्वतःला वैद्य म्हणवत होता. शिवाय एकतीस आदिवासी हमाल. सगळे मिळून बेचाळीस जण. त्या पूर्व उतारावर आपल्यासारखे पावसाचे चार महिने नसतात, तिथे वर्षभर पाऊस. पाऊलवाट इतकी अरुंद नि निसरडी की खेचरंही चालत नसत. म्हणून इसाबेलला माणसांच्या पाठीवर नि खांद्यावर नेलं. हा भाग वाचताना थोडं थांबावं लागतं. तिचा पहिला आठवडा ज्यांच्या खांद्यांवर गेला, त्यांची संख्या आपल्याला कळते, नावं कळत नाहीत.

कानेलोसला सगळे पोचले तेव्हा गाव रिकामं होतं. तिचे वडील पुढे गेल्यानंतर गावात देवीची साथ आली होती. वाचलेल्यांनी घरं जाळली आणि ते रानात निघून गेले. हमालांनी ते पाहिलं आणि रात्रीतून सगळे पळाले. मजुरी आगाऊ दिलेली होती. जुन्या हकिगतींत या हमालांना बेइमान म्हटलं आहे. पण मैत्रिणींनो, विचार करून पाहा. देवीनं त्या खंडातली किती गावं ओस पाडली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? इसाबेलची स्वतःची मुलगी त्याच रोगानं गेली होती. जळकी घरं पाहून जो माघारी वळला, तो मला तरी शहाणाच वाटतो.

गावात दोन धडधाकट माणसं उरली होती. त्यांनी होडी करून दिली, दोन दिवस चालवली आणि तीही निघून गेली. मग एक नुकता दुखण्यातून उठलेला माणूस मिळाला. त्यानं सुकाणू धरलं. फ्रेंच वैद्याची टोपी पाण्यात पडली, ती काढायला तो वाकला नि बुडून मेला. एका टोपीपायी माणूस गेला आणि त्याच्याबरोबर नदी जाणणारं शेवटचं माणूस गेलं.

होडीत पाणी येऊ लागलं, तेव्हा सगळे काठावरच्या वाळूत उतरले. आंदोआस अजून पाच-सहा दिवस दूर. वैद्य म्हणाला, मी पुढे जातो, पंधरा दिवसांत होडी नि माणसं पाठवतो. तो होआकीनला घेऊन गेला. आपलं सामान तेवढं आठवणीनं बरोबर नेलं. मागे राहिलेल्यांनी पंधरा दिवस मोजले, मग पंचवीस. कुणी आलं नाही. ओंडके बांधून तराफा केला, तो झाडाच्या खोडावर आदळून उलटला, सामान वाहून गेलं. मग काठाकाठानं पायी. नदीची वळणं लांब म्हणून रानातून आडवं जाऊ लागले आणि वाट चुकली. भुकेनं, तहानेनं नि थकव्यानं एकेक जण बसला तो उठला नाही. भाऊ गेले, पोरगं गेलं, बरोबरचे सगळे गेले.

इसाबेल दोन दिवस त्या प्रेतांशेजारी पडून होती. मग उठली. पायांत काही नव्हतं. तिनं मेलेल्या भावांच्या जोड्यांचे तळवे कापले, पायांना बांधले आणि चालू लागली. रानातली फळं, पक्ष्यांची अंडी, जे मिळेल ते खात आठ-नऊ दिवस एकटी फिरत होती. अखेर बोबोनासाच्या काठाला लागली, तिथे होडी पाण्यात लोटणारी माणसं दिसली. दोन आदिवासी पुरुष आणि त्यांच्या बायका. साथीच्या भयानं कानेलोस सोडून गेलेल्यांपैकीच ते होते. त्यांनी तिला खाऊपिऊ घातलं आणि आंदोआसला नेऊन पोचवलं.

तिच्याजवळ गळ्यातल्या दोन सोन्याच्या साखळ्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या तिनं या चौघांना दिल्या. मिशनच्या पाद्र्यानं तिच्यादेखत त्या काढून घेतल्या आणि बदल्यात जाडंभरडं कापड दिलं. इसाबेल इतकी संतापली की तिथे जास्त न थांबता पुढची होडी मागून निघाली. आपल्या जीवाचं मोल म्हणून दिलेली वस्तू तिसऱ्यानंच खिशात घालावी, हे तिला सोसलं नाही. पण तिचा राग त्या चौघांच्या पदरात साखळ्या परत घालू शकला नाही, हेही तितकंच खरं.

होआकीनचं काय झालं? तो आंदोआसहून होडी घेऊन खरोखरच परत आला होता, फक्त उशिरा. वाळूतली झोपडी रिकामी, पुढे रानात कुजलेली प्रेतं. सगळे मेले असं समजून तो फिरला. नंतर वैद्यानं त्याला क्विटोकडे धाडून दिलं. मालकीण जिवंत असताना दोघांची गाठ पडली नाही.

लागुनासला इसाबेल काही आठवडे पडून राहिली. तिथल्या मिशनप्रमुखानं सुचवलं की बाई, आता माघारी रिओबांबाला जा. तिनं नाही म्हटलं. जिथे जायला निघाले तिथेच जाईन, हा तिचा निश्चय. लोरेतोला गलबत अजून उभं होतं. वडीलही तिथेच वाट पाहत होते. पूर्ण अ‍ॅमेझॉन उतरून, 22 जुलै 1770 रोजी ओयापोक नदीच्या मुखाजवळ नवराबायकोची भेट झाली. मध्ये एकवीस वर्षं गेली होती. 1773 मध्ये ते फ्रान्सला गेले आणि सेंत-आमाँ या गावी राहिले. 1792 मध्ये आधी ज्याँ गेला, काही महिन्यांनी ती. ही सगळी हकिगत आपल्याला कळते ती ज्याँनं 1773 मध्ये ला कोंदामिनला लिहिलेल्या पत्रामुळे. भावांच्या जोड्यांचे ते तळवे आणि आंदोआसला शिवून घेतलेला सुती घागरा तिनं जपून ठेवल्याचं त्यात आहे. त्या पत्रात राजांची, मंत्र्यांची, सरदारांची नावं आहेत. होडीतल्या चौघांची नाहीत.

आता तुम्ही जाल तर काय पाहाल? इसाबेलचं रिओबांबा दिसणार नाही. 1797 च्या भूकंपात ते जमीनदोस्त झालं आणि गाव दुसऱ्या जागी वसलं. क्विटोला आधी दोन दिवस शांत राहा, उंचीची सवय होऊ द्या, मगच चिम्बोरासोकडे जा. बान्योसहून पुयोपर्यंतचा सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता पास्तासाच्या घळीतूनच जातो. दोन्ही बाजूंना धबधबे. त्या घळीत खाली एकदा पाहून घ्या, म्हणजे पायवाट कशी असेल ते समजेल. रानात उतरण्याआधी पिवळ्या तापाच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि बोबोनासा नदीपर्यंत जायचं मनात असेल, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. त्याच नदीवर सारायाकू नावाचं किचवा आदिवासींचं गाव आहे. 1996 मध्ये इक्वेडोर सरकारनं त्या मुलखात तेल शोधायचा करार गावाला न विचारता केला. सुरुंगाची दारू, एक हजार चारशे किलोहून जास्त, रानात पेरली गेली. गावकऱ्यांनी, त्यातही बायकांनी, वाटा अडवल्या आणि खटला थेट आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला. जून 2012 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की सरकारनं या लोकांना आधी विचारायला हवं होतं.

1769 मध्ये त्या वाटेवर हमालांना कुणी विचारलं नव्हतं, होआकीनला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. आज त्या गावात पाहुणा म्हणून जायचं तर आधी गावाची परवानगी काढावी लागते. सहलीच्या बेतात विमान, हॉटेल, गरम कपडे हे सगळं आपण लिहितोच. त्या यादीत हेही लिहा. आणि तिथे कुणी होडी चालवायला आलं, तर सगळ्यांत आधी त्याचं नाव विचारून घ्या.