डेमोतली ढोलकी

इलेक्ट्रॉनिक वाद्यं विकत घेणाऱ्या माणसाचं एक वाक्य ठरलेलं असतं. "जाहिरातीत वाजत होतं तसं आमच्याकडे वाजत नाही!" हे वाक्य मी कल्याणच्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडून ऐकलंय, पुण्यात स्टुडिओ चालवणाऱ्या मित्राकडून ऐकलंय आणि गेल्या वर्षी वैशाखऱ्यात मामेभावाच्या मुलाकडूनही ऐकलं. तिघांची यंत्रं वेगळी, किमती वेगळ्या, गाऱ्हाणं मात्र एकच. आणि हे गाऱ्हाणं आजचं नाही, चाळीसेक वर्षं जुनं आहे. पोराला समजावता समजावता त्याचा इतिहासच जुळवून बघितला, तो इथे लिहून ठेवतोय. नातेवाईक मंडळींनी कंटाळा आला तर सरळ खाली नानामामांपर्यंत उडी मारावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वैशाखरे हे माझं आजोळ. कल्याणहून मुरबाड, मग टोकावडे, मग वैशाखरे. पुढे रस्ता माळशेजला चढतो आणि उजव्या अंगाला नाणेघाट. सातवाहनांच्या काळात सोपाऱ्या-कल्याणचा माल याच घाटाने जुन्नरला जायचा. वर गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडेच्या आकडे त्यात कोरलेत. दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडे हिशेब दगडावर लिहायची पद्धत होती म्हणायची! असो. सांगायचा मुद्दा, या पट्ट्यात लग्नाच्या आदल्या रात्री हळद असते आणि हळदीला बेंजो पार्टी लागते. आमच्या मामेभावाची अशी एक पार्टी आहे. हौस कमी, पोट जास्त. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत ज्या सुपाऱ्या मिळतात त्यावर सात-आठ घरांचं वर्ष निघतं.

या 'बेंजो'ची पण एक गंमत आहे. अमेरिकन बँजोशी त्याचं नावापलीकडे फारसं नातं नाही. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. ते इकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं, मग त्याला पिकअप लागला, अ‍ॅम्प्लिफायर लागला आणि गणपतीत, हळदीत त्याचा बेंजो झाला. २०१६ मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा सिनेमा काढला तो याच पार्ट्यांवर. म्हणजे जपानी वाद्याला आपलंसं करायची सवय आपल्याला जुनीच. दुसरं जपानी वाद्य आलं ते ऑक्टोपॅड.

पण त्याच्या आधी थोडं मागे जाऊ. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन याने एलएम-१ नावाचं यंत्र काढलं. खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून, चिपवर साठवून वाजवणारं हे पहिलं ड्रम मशीन. किंमत ४,९९५ डॉलर, आणि एवढे पैसे मोजूनही त्यात मोठी झांज नव्हती! झांजेचा आवाज लांबतो, लांब आवाजाला मेमरी जास्त लागते आणि मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाने मिळायची. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ आलं. ते खऱ्या ड्रमच्या भानगडीतच पडलं नाही, आवाज सर्किटमधून तयार करायचं. 'हे काही ड्रमसारखं वाजत नाही' म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. नंतर त्याच नकली आवाजावर जगभरचं हिपहॉप उभं राहिलं, तो भाग वेगळा. आपल्या मुंबईत मात्र चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच हे यंत्र वापरून दहा रागांची एक डिस्को रेकॉर्ड केली होती. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले.

आता ऑक्टोपॅड. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड, म्हणजे पॅड-८, आला १९८५ मध्ये. रबराचे आठ चौकोन, काठीने वाजवायचे. पण त्याच्या पोटात एकसुद्धा आवाज नव्हता! तो फक्त 'अमुक चौकोनावर इतक्या जोराने मारलं' एवढा निरोप मिडीच्या वायरमधून दुसऱ्या यंत्राला द्यायचा, आवाज काढायचं ते यंत्र. म्हणजे दुकानात पॅड-८ वाजवून दाखवला तर ऐकू येणारा आवाज त्याचा नसायचाच, मागे जोडलेल्या पेटीचा असायचा. डेमो एकाचा आणि माल दुसऱ्याचा, ही गोष्ट त्या वाद्याच्या रचनेतच होती. यात फसवणूक कुणाचीच नव्हती, फक्त हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला कुणी बसायला हवं होतं.

मग १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड घ्या, अमुक नंबरला अमुक वाद्य निघालं पाहिजे, अशी १२८ वाद्यांची यादी. ती यादी मी मुद्दाम परत वाचली. त्यात सतार आहे, शहनाई आहे, जपानी तायको ढोल आहे, तो अमेरिकन बँजोही आहे. तालवाद्यांची वेगळी यादी आहे, तिच्यात बोंगो, कोंगा, माराकस, इतकंच काय शिट्टीसुद्धा आहे. तबला नाही. ढोलकी तर नाहीच नाही. बरं, यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही, पण परिणाम काय झाला बघा. ढोलकीचा आवाज प्रमाण म्हणून कंपनीकडून आला नाही, तो हातोहात आला. १९९८ मध्ये रोलँडचा एसपीडी-२० निघाला, सातशे आवाज पोटात घेऊन. आमच्याकडच्या वाजवणाऱ्यांनी त्यातलेच आवाज खालीवर करून, एकावर एक चढवून ढोलकी 'बनवायला' सुरुवात केली. अशा जुळवणीला 'पॅच' म्हणतात. एखाद्याचा पॅच चांगला वाजला की दुसरा मागायचा, तिसरा विकत घ्यायचा. पॅचचा बाजार उभा राहिला, आणि बाजार आला की जाहिरात आलीच.

दरम्यान कॉम्प्युटरवर मोठी उडी मारली गेली होती. १९९९ मध्ये स्वीडनच्या टूनट्रॅकचं 'ड्रमकिट फ्रॉम हेल', २००३ मध्ये बीएफडी, २००६ मध्ये ईझीड्रमर. इथे मेमरीची चणचण नाही, त्यामुळे एकाच ड्रमवर हळू, मध्यम, जोरात असे कितीतरी वेळा मारून सगळे आवाज वेगवेगळे साठवलेले. सलग दोनदा मारलं तर दुसऱ्या वेळी वेगळी थाप निघेल अशीही सोय. भारतीय वाद्यांसाठी स्वित्झर्लंडच्या स्वर सिस्टिम्सने असंच काम केलं. आणि ढोलकी, संबळ, ढोल-ताशाचे छोटे-मोठे संच आता आपल्याकडची मंडळीही विकतात. लॅपटॉपवर टाका, पॅडची वायर जोडा, वाजवा. आमच्या पोराने घेतला तो यातलाच एक. नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही.

डेमो दीड मिनिटाचा होता, आणि काय सांगू, अप्रतिम! पोराने तो पन्नासदा ऐकला, बाराशे रुपये भरले आणि टोकावड्याकडच्या एका हळदीत नवीन ढोलकी काढली. ती वाजली डब्यासारखी. नवरदेवाच्या मामाने भर मांडवात "ही कसली ढोलकी?" विचारलं आणि ठरलेल्या पैशांतून पाचशे कापले. त्याच घरातली दुसरी सुपारी जवळजवळ हातात होती, ती गेली. पोरगं माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आलं ते या अवस्थेत. "काका, डेमोसारखी करून द्या."

आम्ही दोन रात्री बसलो. पहिलं काम, दोन्ही आवाज एकाच पातळीवर आणणं. याचं कारण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय: आवाज हळू असला की कानाला खालचे सूर आणखीच कमी ऐकू येतात. त्यामुळे दोनातला जो जरा मोठा, तोच भरदार वाटतो. डेमो नेहमी मोठा केलेला असतो. पातळी सारखी केल्यावर फरक एक चतुर्थांश तरी कमी झाला. मग कळलं की डेमोवर रिव्हर्ब आहे, म्हणजे खोलीचा घुमारा वरून घातलेला, आणि कम्प्रेसरने थापा दाबून सारख्या केलेल्या. प्रीसेटमध्ये यातलं काही नव्हतं, आवाज कोरडे ठेवलेले. ते घातलं. मग डेमोतली ढोलकी अर्ध्या सुराने चढी निघाली, तीही जुळवली.

तिसरी भानगड खास आमच्याकडची. पॅड जोराचा आकडा १ ते १२७ मध्ये पाठवतो. पोरगं वाजवतं मांडवात, शेजारी जनरेटर, समोर दोनशे माणसं नाचतायत. प्रत्येक फटका १२७! म्हणजे हळू आणि मध्यम आवाज संचात असून नसल्यासारखे, कायम एकच कडक थाप वाजत राहणार. पॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या हाताप्रमाणे मोजमाप बदललं. डबा बराचसा गेला. ढोलकी आली.

पण डेमो काही येईना. तेव्हा पडवीत बसलेले नानामामा (माझ्या आईचे चुलतभाऊ, पार्टीतले जुने ढोलकीवाले, वय बहात्तर) म्हणाले, "अरे, त्याचा डावा हात ऐक. तुझ्या पेटीत डावा हातच नाही."

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख यातच आहे. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' मासिकात तबला-मृदंगावर एक टिपण लिहिलं होतं. साध्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साधा ढोल 'धब्' वाजतो. आपल्याकडे पुडीवर मधोमध शाई भरतात, त्या वजनामुळे उपस्वर तारेच्या वाद्यासारखे ओळीत येतात आणि थापेला सूर लागतो. हे झालं शाईच्या पुडीचं, आणि तो सूर पेटीत साठवणं सोपं आहे. एक थाप, एक सूर. डाव्या बाजूचं तसं नाही. धुमावर थाप पडल्यावर हात तिथेच दाबत, सरकत राहतो आणि आवाज वाजता वाजता चढतो. किती चढेल, कधी चढेल, हे पुढची थाप कुठली यावर ठरतं. ही दोन थापांच्या मधली गोष्ट आहे. सुट्या थापा साठवून ती येत नाही. येते, पण त्यासाठी प्रत्येक चढ वेगळा रेकॉर्ड करावा लागतो आणि वाजवणाऱ्याला तो मागायची काहीतरी सोय द्यावी लागते. बाराशे रुपयांच्या संचात बावीस आवाज होते, धुमाचे चार, चारही सरळ.

मग आम्ही डेमोची लहर पडद्यावर मोठी करून बघितली. पेटीतली थाप परत वाजली की तिचा आकार परत तसाच दिसायला हवा. डेमोत धुमाच्या एकोणीस थापा मोजल्या, एकीसारखी दुसरी नाही. खाली संचातले आवाज होते, ते ओळखू आले. वर कुणीतरी खरी ढोलकी वाजवली होती! पोराने विकणाऱ्याला मेसेज टाकला. उत्तर आलं, "डेमो फक्त कल्पना येण्यासाठी असतो."

मला राग त्या उत्तराचा आला नाही, धंदा आहे, चालायचंच. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. लिनच्या एलएम-१ मधले बरेचसे आवाज लॉस एंजेलिसच्या आर्ट वूड नावाच्या ड्रमरचे, हे आज नोंदलेलं आहे. 'ड्रमकिट फ्रॉम हेल'मध्ये मेशुगा बँडचा टोमास हाके वाजवतो, त्याच्या नावावरच तो संच खपला. आमच्या पोराच्या संचात, पानावर, फोल्डरमध्ये, कुठेही ढोलकीवाल्याचं नाव नव्हतं. संच बनवणाऱ्याचं होतं, कव्हर काढणाऱ्याचंही होतं. तो डावा हात कुणाचा, याला जागा नव्हती.

शेवटी काय केलं ते सांगतो. नानामामांना हळदीची जागरणं आता झेपत नाहीत, गुडघे गेलेत. पण ओसरीवर बसून तासभर वाजवायला त्यांना काहीच नाही. दुपारी शेजारची पिठाची गिरणी बंद असते तेव्हा गाद्या उभ्या करून, दोन माइक लावून त्यांची ढोलकी रेकॉर्ड केली. शाईच्या चौसष्ट थापा, धुमाचे सरळ नऊ आणि चढते एकतीस. सगळे चढते आवाज पायाच्या पेडलवर ठेवले, पेडल दाबलं की पुढची थाप चढती निघते. नानामामांच्या हातासारखं ते वाजत नाही, पण मांडवात वाजतं.

वाटणीवरून मात्र घरात दोन दिवस धुसफूस झाली. पोराचं म्हणणं, आवाज एकदा दिला, नानांना त्याचे पैसे एकदाच द्यावेत. मामेभावाचं म्हणणं, ढोलकी त्यांची वाजते तर वाटा त्यांचाच. नानामामा स्वतः काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. आता पार्टीच्या वहीत प्रत्येक सुपारीपुढे आठ नावं असतात. आठवं नानामामांचं, अर्ध्या वाट्याने. परवा शहापूरच्या हळदीचे त्यांना साडेतीनशे मिळाले. त्या रात्री ते नऊ वाजताच झोपले होते.