शुद्ध हृदय

शुद्ध हृदय : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मध्यवर्ती कल्पना. पापाने मलिन झालेले माणसाचे अंतःकरण ईश्वर आपल्या कृपेने नव्याने घडवतो आणि तेथून त्या माणसाच्या आध्यात्मिक जीवनाचा पुनरारंभ होतो, असा तिचा आशय आहे. बायबलमध्ये हृदय हे भावनांप्रमाणेच विचार, विवेक आणि संकल्प यांचेही अधिष्ठान मानलेले असल्यामुळे हृदयशुद्धीत माणसाच्या इच्छेची दिशाच पालटणे अभिप्रेत असते.

बायबलमधील आधार : या कल्पनेचे सर्वांत प्रभावी रूप जुन्या करारातील ५१ व्या स्तोत्रात आढळते. बथशेबेशी केलेला व्यभिचार आणि तिचा पती उरीया याचा घडवून आणलेला मृत्यू यांबद्दल नाथान संदेष्ट्याने दावीद राजाची कानउघाडणी केली, त्या प्रसंगाशी स्तोत्राचे शीर्षक त्याचा संबंध जोडते. स्तोत्रकर्ता अपराध कबूल करतो, धुऊन निर्मळ करण्याची याचना करतो आणि शुद्ध हृदय व स्थिर आत्मा मागतो. झालेल्या पापाची क्षमा मिळाली, तरी पापाकडे ओढणारे मन तसेच राहू नये, ही त्याची तळमळ आहे. यहेज्केलाच्या ३६ व्या अध्यायात ईश्वर पाषाणमय हृदय काढून मांसमय, म्हणजे संवेदनशील, हृदय देण्याचे वचन देतो. नव्या करारात येशू शुद्ध हृदयाच्या माणसांना ईश्वरदर्शनाचे आश्वासन देतो आणि निकदेमाशी बोलताना नव्या जन्माची गरज सांगतो, तर पौल या नवनिर्मितीचा संबंध ख्रिस्ताशी होणाऱ्या ऐक्याशी जोडतो.

तात्त्विक विवेचन : माणूस स्वतःच्या बळावर पापमुक्त जीवन जगू शकतो, या पेलेजियसप्रणीत मताला संत ऑगस्टीनने विरोध केला. पुढे ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने शुद्ध होण्याची इच्छासुद्धा पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनेच उत्पन्न होते, असे प्रतिपादन केले. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या मते ख्रिस्ताचे नीतिमत्त्व श्रद्धेद्वारे माणसाच्या खाती जमा होते, मात्र त्याच्यातील पापप्रवृत्ती जन्मभर टिकून असल्याने पश्चात्तापही जन्मभर चालतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ मध्ये पापक्षमेबरोबर अंतरंगाचे खरेखुरे नवीकरण होते, यावर भर दिला. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने पूर्ण पवित्रीकरणाची, म्हणजे ईश्वर व शेजारी यांवरील प्रीतीने हृदय पूर्ण भरून जाण्याची, शिकवण दिली. हे मतभेद महत्त्वाचे असले, तरी शुद्ध हृदय हे ईश्वराचे दान आहे, याविषयी या परंपरांत एकमत आहे.

उपासनेतील स्थान : ५१ वे स्तोत्र सात पश्चात्तापस्तोत्रांपैकी एक होय. कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारच्या उपासनेत त्याला विशेष स्थान असून ऑर्थोडॉक्स परंपरेच्या नित्य प्रार्थनांतही त्याचा समावेश आहे. नव्या जीवनात प्रवेश देणारा बाप्तिस्मा आणि त्यानंतर घडलेल्या पापांची कबुली व क्षमा यांसाठी असलेला प्रायश्चित्त संस्कार, हे या परंपरांत हृदयाच्या नवीकरणाचे दृश्य विधी होत.

महाराष्ट्रातील आविष्कार : समाजसुधारक पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, तथापि त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला असला, तरी खुद्द ख्रिस्त लाभला नव्हता, अशी जाणीव त्यांना पुढे झाली. या जाणिवेचे आणि त्यानंतर ख्रिस्त लाभल्याच्या कृपानुभवाचे निवेदन त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात केले आहे. त्यांच्या केडगाव येथील मुक्ती सदनात १९०५ मध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीत अनेक मुलींनी अश्रूंसह पापांची कबुली देऊन दीर्घ प्रार्थना केल्या. विधवांना आणि १८९६–९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या निराधार मुलींना आसरा देणाऱ्या संस्थेत ही जागृती झाली, ही बाब अर्थपूर्ण आहे. कारण ख्रिस्ती विचारानुसार नवे हृदय मिळाल्याची खूण गरजवंतांच्या सेवेत पटते.