किल्लारीची यादी : भूकंपानंतर माहितीचे नियोजन कसे उभे राहिले?

१/ २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन आटोपून औसा तालुक्यातील किल्लारी झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे दगावली. त्या रात्रीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा आहे त्यानंतर तयार झालेल्या याद्यांविषयी.

२/ मराठवाड्यातील जुनी घरे म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे अंगावर कोसळले. त्याखाली माणसांबरोबर कागदपत्रेही गाडली गेली. त्यामुळे मदत येऊ लागताच प्रशासनापुढे पहिला प्रश्न उभा राहिला : नक्की कोणाचे, किती नुकसान झाले, आणि ते ठरवायचे कशाच्या आधारे?

३/ शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते, तर लातूरचे जिल्हाधिकारी होते प्रवीण परदेशी. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ सुरू झाला. त्यासाठी मुंबईत स्वतंत्र प्रकल्प व्यवस्थापन कक्ष निर्माण करण्यात आला. महसूल, बांधकाम, वित्त अशा अनेक खात्यांच्या कामाचा मेळ एका ठिकाणी घालणे, हा त्यामागचा हेतू होता.

४/ कोणत्याही मोठ्या प्रकल्पाचा पाया म्हणजे वर्गीकरण. येथे गावांचे तीन गट करण्यात आले. ‘अ’ गटातील ५२ गावे नव्या जागी वसवायची, ‘ब’ गटातील २२ गावांची पुनर्बांधणी करायची, आणि ‘क’ गटात घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. या तिसऱ्या गटाचा पसारा १३ जिल्ह्यांत होता आणि घरांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. एका अक्षरावर गावाचे भवितव्य ठरत होते.

५/ स्थलांतरित गावांत घराचा आकार जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरांपर्यंत ४०० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. निकष सुटसुटीत होता, तपासायला सोपाही होता. मात्र त्यामुळे सातबारा हा शेतीपुरता कागद राहिला नाही. घराचे क्षेत्रफळही तोच ठरवू लागला.

६/ येथेच माहिती आणि वास्तव यांतील अंतर उघडे पडते. सातबाऱ्यावर एकट्या वडिलांचे नाव, घरात मात्र तीन चुली. मग घरे किती द्यायची? दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचे घर लहान का? नोंदवहीतील रकाना अशा प्रश्नांना उत्तर देत नाही. जुनी सामाजिक विषमता कोणाच्याही दुष्ट हेतूविना, केवळ एका निकषाच्या वाटेने नव्या गावाच्या नकाशात उतरू शकते.

७/ दुरुस्तीच्या कार्यक्रमात वेगळी रीत अवलंबिली गेली. घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे, अभियंत्याने तपासायचे, आणि पैसे टप्प्याटप्प्याने बँक खात्यात जमा व्हायचे. प्रत्येक घरामागे नोंदींची एक साखळी होती : नुकसानीची पाहणी, मंजुरी, हप्ता, तपासणी, पुढचा हप्ता. यातील एक कडी अडली की पावसाळ्याच्या तोंडावर भिंत अर्धवट राहणार, हे उघड होते.

८/ ही साखळी चालती ठेवण्यात गावातील स्त्रियांचा वाटा मोठा होता. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. घरमालकाला त्याचा हक्क आणि भूकंपरोधक बांधणी समजावून सांगायची, त्याच्या अडचणी कचेरीपर्यंत न्यायच्या, असे त्यांचे काम. खालची माहिती वर पोहोचविणारी ही वाट संगणकाने तयार केलेली नव्हती.

९/ संगणकाचे काम पुढे आले. याच कार्यक्रमातून राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे हाती घेतले. जिल्हा नियंत्रण कक्ष उभे राहिले, ते उपग्रह-संपर्काने मंत्रालयाशी जोडले गेले, आणि भौगोलिक माहिती प्रणालीत जिल्ह्यांचे नकाशे भरले जाऊ लागले. एका तालुक्यातील आपत्तीने साऱ्या राज्याच्या माहिती-व्यवस्थेला दिशा दिली.

१०/ २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तिकडच्या भूकंपग्रस्तांना आपला अनुभव सांगण्यासाठी गेल्या. २००५ मध्ये देशाला आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला. किल्लारीचा इतिहास वाचताना रिश्टरच्या आकड्यापाशी थांबू नये. यादीत कोणते रकाने ठेवायचे, ते कोणी ठरवायचे आणि चुकलेले नाव कोणत्या दाराने आत येणार, हे प्रश्न आजच्या प्रत्येक सरकारी पोर्टललाही लागू आहेत. औसा तालुक्याने त्यांची उत्तरे ढिगाऱ्यावर उभे राहून शोधली.