टप उघडला की घर

टपावर बोचकी बांधून घाट चढणारी जीप आपण सर्वांनी पाहिली आहे. वळणावर ती झुकली की आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. ही भीती कितपत खरी? आणि अशाच गाडीत मुलाबाळांसह आठ-दहा दिवस राहायचे असेल तर सामान ठेवायचे कुठे, झोपायचे कुठे? इंग्लंडमधल्या काही कारागिरांना हा प्रश्न 1960च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवावा लागला.

त्याआधी थोडे मागे जाऊ. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या आपल्या शेतावर लष्करातून निघालेली जुनी जीप वापरत. तशीच, पण शेतकऱ्याच्या कामाची गाडी आपणच का बनवू नये, असे त्यांच्या मनात आले. 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांपुढे आली. तिचा खालचा सांगाडा पोलादी होता, वरचे पत्रे मात्र बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येत असल्याने ती चिखलातून आणि वाळूतून वाट काढी. शेतावरची ही गाडी लवकरच प्रवासाची गाडी झाली.

पुढे तिचा लांब प्रकार आला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 109 इंच, म्हणजे सुमारे 277 सेंटिमीटर होते. आसने आडवी केली की दोघांना झोपता येई. पण चौघांचे काय? शिवाय आत ताठ उभे राहता येत नसे. दोन सोपे उपाय कोणालाही सुचतील: गाडीची खोली कायमची उंच करायची, किंवा सामान टपावर न्यायचे. दोन्हींत खोट एकच.

ती आकड्यांत पाहू. समजा, गाडीचे वजन 1700 किलो, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर 130 सेंमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 75 सेंमीवर आहे. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा चाकांच्या बाहेर गेली की गाडी उलटते. या गाडीच्या बाबतीत ते सुमारे 41 अंश कलल्यावर घडेल. आता 210 सेंमी उंचीवर, टपावर, 150 किलो सामान चढवा. गुरुत्वमध्य 86 सेंमीपर्यंत सरकतो आणि गाडी 37 अंशांतच उलटते. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, वळणावर गाडी बाहेर ओढली जाते. त्यामुळे उरलेली सुरक्षितता याहूनही कमी. पोटातला गोळा अगदीच खोटा नव्हता तर!

फोकस्टन गावच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने यातून वाट काढली. तिच्या गाड्यांचे नाव डॉर्मोबिल. शयनगृह आणि मोटार या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा हा जोड. साध्या व्हॅनवर वापरलेली युक्ती त्यांनी लांब लँड रोव्हरवर आणली. टपाचा काही भाग कापून तिथे एका बाजूला बिजागरी असलेले झाकण बसवले. गाडी थांबली की झाकण वर उचलायचे. त्याबरोबर पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले जाऊन भिंत तयार होई. वर दोन झोळीसारखे बिछाने, खाली आसनांचेच बिछाने. आत गॅसची शेगडी आणि भांडी धुण्याची मोरीही. उंची हवी तेव्हाच मिळे. प्रवासात टप खाली आणि ओझे तळाशी.

एका लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे आपण वर्गात शिकवतो. म्हणून 40 लिटर पाणी टपावर न्यायचे की आसनाखाली, हा सोयीचा प्रश्न राहत नाही. आतल्या माणसांच्या जिवाचा होतो.

हे मुलांना सहज दाखवता येते. भरलेली काडेपेटी काड्या घासण्याच्या कडेवर, फळीच्या उतारावर आडवी उभी करा; घसरू नये म्हणून तिच्या खालच्या बाजूला जाड पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि पेटी उलटते तो कोन कोनमापकाने मोजा. मग पेटीच्या माथ्यावर एक नाणे चिकटवून पुन्हा मोजा, आणि तेच नाणे पेटीच्या बाजूला अगदी तळाशी लावून पुन्हा. तीन कोन फळ्यावर लिहा, आणि मुलांना विचारा: तुमच्या गावची जीप यांपैकी कोणती?