मिश्र अर्थव्यवस्था (भारतातील)

उत्पादनसाधनांची खासगी आणि सरकारी मालकी शेजारी शेजारी नांदवणारी अर्थरचना (→ भांडवलशाही, समाजवाद).

कशाचे व किती उत्पादन करायचे, हे भांडवलशाहीत किंमत आणि नफा ठरवतात. सोव्हिएत संघासारख्या समाजवादी रचनेत तेच काम नियोजन मंडळ करी. स्वतंत्र भारताने दोहोंकडून उचल केली. १९४४ च्या ‘मुंबई योजने’त सरकारी गुंतवणुकीची मागणी जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला अशा उद्योगपतींनीच केली होती, हे विशेष.

१९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने पोलाद, कोळसा, अणुऊर्जा यांसह १७ उद्योग सरकारकडे राखले. आणखी १२ उद्योगांत सरकार क्रमाने उतरणार होते. उरलेले खासगी क्षेत्राला मोकळे होते. मोकळे म्हणजे नावापुरते, कारण मोठा कारखाना काढायला वा वाढवायला परवाना लागे (→ परवाना पद्धती). सरकारी क्षेत्रात सोव्हिएत मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शेती मात्र खासगीच राहिली.

महाराष्ट्रातील साखरधंद्याने तिसरी वाट धरली : प्रवरानगरचा कारखाना ऊसउत्पादक सभासदांच्या मालकीचा (→ सहकारी चळवळ).

जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांची परवानासक्ती उठली आणि राखीव उद्योग १७ वरून ८ वर आले (→ उदारीकरण).