धक्के जिरवणारी सायकल

मंडळी, आमच्या नात्यातल्या तरुण पोरांत सध्या कार्बनच्या सायकलीचे वेड शिरले आहे. "कार्बन खड्ड्यांचे धक्के पिऊन टाकतो," असे ती मला ऐकवतात. खोटे नाही, पण या धक्के पिण्याचा इतिहास बराच जुना आहे आणि त्यात कार्बनचे नाव फार शेवटी येते.

१८६० च्या दशकातल्या सायकलीला लाकडी चाके आणि त्यांवर लोखंडी धाव, अगदी आपल्या बैलगाडीसारखी. इंग्रजांनी तिचे नावच 'बोनशेकर' ठेवले, म्हणजे हाडे खिळखिळी करणारी! पुढे भरीव रबर आले, पण खरी सुटका केली ती हवेने. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले टायर बसवले. (टॉमसन नावाच्या गृहस्थाने या कल्पनेचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते, पण सायकलींचा जमाना तेव्हा यायचा होता. श्रेयालाही मुहूर्त लागतो!)

आपल्या सोलापुरात गिरणीच्या भोंग्यावर धावणाऱ्या काळ्या सायकली याच वंशातल्या. अठ्ठावीस इंची चाक, दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर रुंद टायर, ऐसपैस वाकलेला पुढचा चिमटा, सीटखाली जाडजूड स्प्रिंगा. पूर्व भागातले विणकर मागे सुताचे गाठोडे आणि पुढे दांडीवर पोर घेऊन जात. पोराला दांडी रुतू नये म्हणून जुन्या चादरीची घडी गुंडाळलेली असे. सायकल जड, चढाला दमवणारी. पण कमरेची काळजी घेणारी. स्प्रिंगेत एक खोट मात्र होती. ती धक्का खाते आणि लगेच परतही देते, म्हणून खड्डा गेला तरी माणूस डुलत राहतो. धक्का सौम्य करणे वेगळे, कंप जिरवणे वेगळे.

शर्यतवाल्यांनी वेगापायी हे सगळे टाकून दिले. बारीक टायर, त्यात दगडासारखी हवा, ताठ चौकट. हँडलमधून सतत येणारा बारीक कंप आणि तळहातावरचा दाब यांनी करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते. तिथला मज्जातंतूच दुखावतो. अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पुरी केली. एवढ्या अंतरात आराम ही चैन उरत नाही.

कार्बनच्या चौकटीवर ग्रेग लेमॉन्ड १९८६ मध्ये टूर द फ्रान्स जिंकला. कार्बनचे धागे राळेत बसवतात. धाग्यांची दिशा बदलली की तीच नळी एका अंगाने ताठ, दुसऱ्या अंगाने लवचीक. ताणा-बाणा जाणणाऱ्या गावाला हे वेगळे समजावायला नको. २००४ मध्ये स्पेशलाइज्डने 'रुबे' सायकलीच्या चौकटीत कंप जिरवणारे रबरासारखे तुकडे बसवले. २०१२ मध्ये ट्रेकने 'डोमाने'ची सीटखालची नळी सांध्यावर हलती केली. 'रुबे' हे नाव पॅरिस-रुबे या दगडी रस्त्यांवरच्या शर्यतीवरून आलेले. आणि गंमत बघा, वर्षानुवर्षे बारीक टायर मिरवणारे शर्यतवाले आता त्याच दगडांवर बरेच रुंद टायर घालतात, तेही हवा कमी ठेवून. चाक उड्या मारत नाही, त्यामुळे वेगही वाचतो. आपल्या विणकरांच्या टायरपर्यंत पोचायला त्यांना थोडेच मिलिमीटर उरलेत!

तेव्हा पोरांनो, महागडी चौकट घेण्याआधी दुकानदाराला एवढे विचारा, की हिच्या चिमट्यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो?